बांडुंगची हेरिटेज वॉक: रस्त्यावर पाचपैकी पाच, म्युझियममध्ये जेमतेम दोन

इंडोनेशियाला गेलो होतो तेव्हा बांडुंगमध्ये १९५५ च्या आशिया-आफ्रिका परिषदेवरची (दोन्ही खंडांतले, बरेचसे नव्याने स्वतंत्र झालेले देश जमले होते ती) अर्ध्या दिवसाची गाईडेड वॉक घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण छोटी लोकं आहेत आणि गाईड पोरगा खरंच गोड होता, पण कोणी अशी वॉक घेणार असेल तर काय मिळतं नि काय नाही ते माहीत असावं म्हणून लिहितोय.

सुरुवात एकदम झकास. शहराच्या शून्य किलोमीटरच्या खुणेपाशी उभं केलं, तिथे एक जुना रोड रोलर ठेवलाय, आणि गाईडने सांगितलं की आपण उभे आहोत तो रस्ता म्हणजे डांडेल्स नावाच्या डच गव्हर्नर जनरलने १८०८ नंतर वेठबिगारीने लोकांना राबवून बांधलेला पोस्ट रोड, जावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण हजार किलोमीटर. किती माणसं मेली त्याचा धड हिशोबसुद्धा नाही. आणि याच रस्त्याच्या शहरातल्या तुकड्याला परिषदेच्या जेमतेम दहा-अकरा दिवस आधी इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी नाव दिलं जालान आशिया आफ्रिका. त्याच वेळी कॉन्कॉर्डिया नावाच्या, गोऱ्या साहेब लोकांच्या क्लबचं नाव बदलून गेडुंग मर्डेका केलं, म्हणजे स्वातंत्र्य भवन. परिषद भरली ती इथेच, आणि म्युझियमही आता इथेच आहे. वर गंमत अशी की त्या क्लबच्या इमारतीवर काम केलेल्या आर्किटेक्टांपैकी शूमेकर हे इंजिनिअरिंग कॉलेजात सुकार्नोंचेच प्रोफेसर! हे सगळं त्याने चालता चालता सांगितलं, पाठ केल्यासारखं नाही, आपल्या गल्लीतलं सांगावं तसं.

मग सॅव्हॉय होमान हॉटेलपासून गेडुंग मर्डेकापर्यंत चालत नेतात, पाहुणे तेव्हा चालत गेले होते तसंच. पाच मिनिटांचं अंतर, पण दोन्ही बाजूंना गर्दी आणि मधून नेहरू, इजिप्तचे नासेर, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय चाललेत असे फोटो डोक्यात असले की अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत. फुटपाथवर देशांची नावं कोरलेले दगडी गोळे आहेत, आमच्या ग्रुपमधला प्रत्येकजण आपापला देश शोधत वाकून फिरत होता. मीही.

आत म्युझियममध्ये मात्र गाडी घसरली. म्युझियमचा दोष नाही, आमच्या टूरचा. सुकार्नो भाषण करतायत असा मोठा देखावा आहे, त्याच्यासमोर उभं करून गाईडने जे सुरू केलं ते म्हणजे सगळा गुळाचा गणपती: २९ देश आले, सगळे भाऊ-भाऊ, इथेच अलिप्ततावादी चळवळ (अमेरिका-रशिया कुठल्याच गटात न जाणाऱ्या देशांची) जन्माला आली, नेहरू, नासेर आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांनी हात मिळवले वगैरे. अरे बाबा, टिटो बांडुंगला आलेच नव्हते! युगोस्लाव्हिया आशियातही नाही नि आफ्रिकेतही नाही. अलिप्ततावादी चळवळीची पहिली शिखर परिषद बेलग्रेडला १९६१ मध्ये झाली, २५ देश, ती वेगळी गोष्ट. मी हळूच बोललो तर हसून 'येस येस, सेम स्पिरिट' म्हणाला आणि पुढे गेला.

आणि खरी मजा तर भांडणांमध्ये आहे ना. सिलोनचे (आजच्या श्रीलंकेचे) पंतप्रधान कोटेलावाला उठून म्हणाले की पाश्चात्त्यांच्या वसाहतवादावर बोलताय तर रशियाने पूर्व युरोपात जे चालवलंय त्यालाही वसाहतवादच म्हणा, त्यावर नेहरू जाम भडकले. पाकिस्तान, तुर्कस्तान, इराक, फिलिपिन्स हे तर अमेरिका-ब्रिटनबरोबर लष्करी करारात बसलेले, आणि नेहरूंना असल्या करारांची ॲलर्जी. मग एकमत झालं कसं? उत्तर तिथेच भिंतीवर आहे, दशशील म्हणतात त्या दहा मुद्द्यांमध्ये. पाचवा मुद्दा म्हणतो की प्रत्येक देशाला एकट्याने किंवा सामूहिकरीत्या स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि लगेच सहावा म्हणतो की सामूहिक संरक्षणाच्या व्यवस्था बड्या राष्ट्रांच्या फायद्यासाठी वापरायच्या नाहीत. पाचवा करारवाल्यांना, सहावा नेहरूंना. खाली-वर दोन ओळी, आणि आत आठवडाभराची खेचाखेची. आमचा ग्रुप त्या पॅनलसमोर थांबला अंदाजे पाऊण मिनिट.

अजून एक राहून गेलं ते म्हणजे काश्मीर प्रिन्सेस. एअर इंडियाचं विमान, चिनी प्रतिनिधी आणि पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून निघालं, ११ एप्रिल १९५५ ला बॉम्ब फुटून समुद्रात पडलं, १६ जण गेले, तिघे वाचले. चौ एन-लाय त्यात नव्हते म्हणून वाचले आणि एवढं होऊनही परिषदेला आले. गाईडला विचारलं तर त्याने ऐकलंच नव्हतं, प्रामाणिकपणे फोनमध्ये लिहून घेतलं, ते आवडलं.

सुदानच्या झेंड्याचा किस्सा पण नाही सांगितला! सुदान तेव्हा स्वतंत्र व्हायचा होता (१९५६ ला झाला), झेंडाच नव्हता, मग पांढऱ्या कापडावर लाल अक्षरात 'सुदान' लिहून काम भागवलं. आफ्रिकेतून आलेले देश सहाच, त्यातले सुदान आणि गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, अजून गुलामच.

वेळेचं गणित तर विचारूच नका. म्युझियमला वीस मिनिटं, आणि बाहेर रस्त्यावर भुताखेतांचे वेष करून फोटो काढून देणारी पोरं असतात त्यांच्यासाठी अर्धा तास! वसाहतवादाचं भूत बघायला आलेलो, मिळालं कफनातलं. गाईडचा माइक पण मधूनमधून बंद पडत होता, मागच्यांना अर्धं ऐकूच येत नव्हतं.

टूर संपल्यावर एकटाच परत आत गेलो नि दीड तास काढला. मग बांचेउय तुरुंगाची राहिलेली कोठडी बघितली, जी या वॉकमध्ये नाहीच, चालत जाण्यासारखी असून. डचांनी सुकार्नोंना १९२९ च्या अखेरीस पकडून पाच नंबरच्या कोठडीत टाकलं होतं, तिथेच त्यांनी कोर्टातल्या बचावाच्या भाषणाची तयारी केली. आता आजूबाजूला सगळी दुकानं, मधोमध ती छोटीशी खोली. हात पसरले तर भिंती लागतील इतकी अरुंद, नि मी सोडून तिथे कोणीही नव्हतं.

रात्री गाईडचा मेसेज आला, सर प्लीज फाइव्ह स्टार. साडेतीन दिले. अर्धा त्या विमानाची नोंद करून घेतली म्हणून.