साइडपट्टीचं गवत : ब्रश कटरवाल्या भाऊंच्या कामाचा अनुभव (पाचपैकी चार)

बार्शी रोडला नान्नजच्या अलीकडे आमच्या शाळेचा फाटा आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात साइडपट्टीवर छातीइतकं गवत माजलं होतं. सातवीतला एक मुलगा सायकलवरून रस्त्यावर आला आणि जीपवाल्याला तो दिसलाच नाही. कसाबसा ब्रेक लागला, पोरगं वाचलं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. यंदा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, ग्रामपंचायतीमार्फत परवानगी घेतली आणि सोलापुरातून ब्रश कटरवाले भाऊ बोलावले.

सरसकट भुईसपाट करायचं नाही, ही माझी एकच अट होती. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या माणसांनी ऐन फुलोऱ्यात सगळं कापून पेटवून दिलं होतं. पुढच्या पावसाळ्यात उघड्या पडलेल्या मातीवर गाजरगवतच गाजरगवत. कुर्डूचा एक तुरा दिसला नाही.

भाऊंनी आधी ऐकून घेतलं, मगच मशीन सुरू केलं. 60 च्या वेगाने येणाऱ्या गाडीला थांबायला 80 मीटर समोरचं दिसावं लागतं, असा रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा हिशेब आहे. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. फाट्यापासून दोन्ही बाजूंना 80 मीटर मोजून दगडांना चुना लावला. तेवढ्या पट्ट्यात ऑगस्टअखेरीस चार बोटं उंची ठेवून कापणी केली, खाली माती उघडी पडू दिली नाही. गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटलं, तेही हातमोजे घालून. त्याने अंगाला किती खाज सुटते ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

वळणाच्या आतल्या बाजूला तरवडाचं एक झुडूप आडवं येत होतं. भाऊंनी मशीन बंद करून मला हाक मारली, "मॅडम, हे बघा." पानाच्या खाली हिरवीगार अळी, पानाच्या शिरेसारखीच चिकटलेली. ती पिवळसर पांढरी फुलपाखरं तरवडावर अंडी घालतात. झुडूप समूळ काढलं नाही. अळ्या असलेल्या फांद्या पलीकडच्या तरवडावर ठेवल्या आणि हे गुडघ्याइतकं छाटलं. महिन्याभरात परत फुटलं.

बाकीची पट्टी नोव्हेंबरअखेरपर्यंत तशीच ठेवली. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच, त्यामुळे कुर्डू, विष्णुकांत, रानगोकर्ण यांचं बी पिकायला तेवढा वेळ लागतोच. मग कापून गवत दोन दिवस जागेवर वाळवलं, बी झडलं, आणि पेंढ्या वस्तीवरच्या गुरांना गेल्या. गवत तिथेच कुजलं की जमीन माजते, दांडगं गवत वाढतं आणि नाजूक फुलं दबून जातात. पेटवलं तर धुरात रस्ता दिसत नाही, बीही जळतं.

एक स्टार का कापला, ते सांगते. पहिल्या दिवशी मशीनच्या फिरत्या नायलॉनच्या दोरीने उडालेला खडा एका मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटवर बसला. वाहतूक थांबवायला लाल कापड घेतलेला माणूस आधीपासून उभा हवा होता. मी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी तो आला, पण हे सांगायची वेळ यायला नको होती.

दोन्ही फेऱ्यांचे मिळून साडेसात हजार झाले, पेट्रोल आणि ऑइल आमचं. पुढच्या ऑगस्टची तारीख मी आत्ताच घेऊन ठेवली आहे.