शाब्दिक उदाहरणांची सराववही: प्रश्न झकास, उत्तरसूची जपून

किंमत, नग आणि एकूण खर्च एवढ्यावरच बेतलेली ही सराववही भाचीसाठी घेतली. तिचा गुणाकार पक्का आहे, पण गणित वाक्यात आलं की लगेच, "मावशी, गुणू की भागू?"

सुरुवातीची पानं नेहमीची. 12 वह्या 300 ला, तर 7 कितीला? एका वहीचे 25, मग सातांचे 175. एकमान पद्धत नीट मांडली आहे, एवढंच.

खरी मजा मधल्या भागात. 'पेन वहीपेक्षा 15 ने स्वस्त. पेन 25 ला, तर वही कितीला?' 'स्वस्त' दिसलं की वजाबाकी, असं शिकलेलं पोर 10 लिहून मोकळं होतं. उत्तर 40. दुसरं एक: पेनं फक्त चारच्या पाकिटात मिळतात, पाकीट 60 ला, हवी आहेत 10. भागाकार अडीच येतो, पण अर्धं पाकीट फोडून देणार कोण? तीन घ्यावी लागतात, 180 जातात, दोन पेनं उरतात. भाचीने 150 लिहिलं आणि वर माझ्याशी हुज्जत घातली. हुज्जत घालावीशी वाटेल असं गणित मुलांच्या वाट्याला फार कमी येतं, म्हणून या भागाला पूर्ण गुण.

आता तक्रार. 7 पेनं 100 ला, तर 21 कितीला? उत्तरसूची म्हणते 300.09! एका पेनाचे 14.29 धरले, त्याला 21 ने गुणलं, आणि हे वरचे नऊ शतांश आले कुठून हे कुणी पाहिलंच नाही. 21 म्हणजे सातची तिप्पट, सरळ 300. तिप्पट नसती दिसली तरी आधी गुणून भागाकार शेवटी करायचा. त्रैराशिकाचा, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढण्याच्या रीतीचा, हाच क्रम आर्यभटाने इ.स. 499 मध्ये सांगून ठेवलाय: फलाला इच्छेने गुणा, मग प्रमाणाने भागा. इथे 100 हे फल, 21 ही इच्छा, 7 हे प्रमाण. या वहीत त्रैराशिकाचं नावही नाही.

शिवाय प्रत्येक धड्याच्या डोक्यावर चौकट: 'एकूण' म्हणजे बेरीज, 'कमी' म्हणजे वजाबाकी. पुढचे प्रश्नच ती खोटी पाडतात! मी त्या चौकटींवर कागद चिकटवलाय.

आकडेमोडीला जागा दोनच ओळी, त्यामुळे कच्ची वही लागतेच. पाचवी ते सातवीसाठी जरूर घ्या, फक्त उत्तरसूची आधी स्वतः तपासा. शेवटची पानं पिना काढल्या की अलगद निघतात. पाचपैकी साडेतीन तारे.