स्वस्त एन-गेज इंजिनावर बार्शी लाईटचा साज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंजिन साधंच. सेकंड-हँड मिळणारं मॉडेल रेल्वेचं 0-6-0 (मधे सहा चालती चाकं, पुढेमागे छोटी चाकं नाहीत), एन-गेज (9 मिमी रुंद रुळाचं), 12 व्होल्ट डीसी, प्लास्टिकची बॉडी, धातूची दोन फाकांची चॅसी. कंपनीचं नाव देण्यात फारसा अर्थ नाही, कारण या किमतीतली बहुतेक जुनी इंजिनं आतून जवळपास सारखीच असतात आणि त्यांचे आजारही सारखेच. अशी दोन इंजिनं घेतली. एकाची फक्त साफसफाई करून वीज उचलण्याची व्यवस्था सुधारली, दुसऱ्याची बॉडी काढून टाकून तिथे बार्शी लाईटच्या (कुर्डुवाडीची जुनी अडीच फुटी रेल्वे) धर्तीचं नॅरोगेज इंजिन उभं केलं. नोव्हेंबर ते जून, म्हणजे सोलापूरची थंडी, उन्हाळा आणि पहिला पाऊस, आठवड्यातून तीनचार दिवस अर्धा-पाऊण तास दोन्ही चालवली. निष्कर्ष आधीच सांगतो : पहिला पैसा आणि पहिला रविवार चाकांमागच्या, वीज उचलणाऱ्या तारांवर घाला. रंग, बॉयलर, केबिन हे सगळं त्यानंतर.

एन-गेजच का, हा प्रश्न हमखास येतो. बार्शी लाईटचा रूळ अडीच फुटी होता, म्हणजे 762 मिमी. 1:87 या प्रमाणात तो 8.76 मिमी होतो, आणि एन-गेजचा रूळ 9 मिमी. फरक पाव मिलिमीटरचा. चाकांचंही गणित जुळतं. अमेरिकी धाटणीच्या शंटिंग इंजिनाचं 51 इंची चाक एन-गेजच्या 1:160 प्रमाणात सुमारे 8.1 मिमी भरतं, तेच चाक 1:87 मध्ये 28 इंची ठरतं. नॅरोगेजला अगदी शोभेसं. कुर्डुवाडीहून (तेव्हाचं बार्शी रोड) 1897 साली सुरू झालेल्या या लाईनसाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने डबे-वाघिणी 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद ठरवल्या होत्या. आपल्या प्रमाणात 87.6 मिमी बाय 24.5 मिमी. ही रुंदी फार कामाची आहे. 24 मिमी रुंद केबिनमध्ये एन-गेजची मोटर आरामात लपते. हे इंजिन हुबेहूब नाही, ते मान्य करूनच पुढे जायचं : लाईनची सुरुवातीची किटसन बनावटीची टाकी इंजिनं 0-8-4 होती, आपल्या चॅसीला सहाच चाकं. पण लांब टाकी, बुटकं बॉयलर आणि ऐसपैस केबिन एवढं साधलं की जुनी कुर्डुवाडी-पंढरपूर लाईन पाहिलेला माणूस लगेच ओळखतो.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, चॅसीचा धातू. जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर काही वर्षांनी धातू फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. याला इलाज नाही, असं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. दुसरी, गिअर. इंजिन हळू चालवून कान लावा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज आला तर धुऱ्यावरच्या प्लास्टिक गिअरला चीर पडली आहे. गिअर धुऱ्यावर दाबून बसवलेला असतो, ताण सतत राहतो आणि कधीतरी तो दोन दातांच्या मधे उकलतो. चीर उघडली की तेवढे दोन दात लांब जातात आणि वर्म (मोटरच्या शाफ्टवरचा स्क्रूसारखा गिअर) तिथे अडखळतो. सुपरग्लू लावून उपयोग नाही, हे प्लास्टिक गोंद धरतच नाही. नवा गिअर मिळाला तर बसवण्याआधी धुरा बारीक पॉलिश पेपरने किंचित उतरवा, नाहीतर तोही उकलेल. तिसरी, साईड रॉड, म्हणजे चाकांना एकत्र फिरवणारे बाजूचे दांडे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिनमध्ये (रॉड अडकवायच्या चाकावरच्या खुंट्या) काटकोन असतो. एखाद्या चाकाचा हा कोन थोडा जरी सरकला तरी रॉड फेऱ्यात दोन ठिकाणी आवळतात आणि इंजिन लंगडतं. कोन बिघडलेलं इंजिन सोडून द्या, आणि चांगल्या इंजिनाची चाकं धुऱ्यावरून विनाकारण उपसू नका.

आता मुख्य काम. चॅसीच्या दोन फाका म्हणजेच विजेचे दोन ध्रुव, मधे प्लास्टिकचे वॉशर आणि नायलॉनचे स्क्रू. धुऱ्याची टोकं या फाकांच्या खाचेत घासतात आणि तिथूनच वीज जाते. जुनं पांढरं ग्रीस वाळून मेणासारखं झालं की हा रस्ता बंद पडतो. सगळं उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने खाचा चकचकीत करा. मोटरचा कम्युटेटरही (कार्बन ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग) त्याच अल्कोहोलने पुसा, आणि त्याच्या फटींतली कार्बनची काजळी लाकडी दातकोरणीच्या टोकाने काढा. सुई वापरलीत तर तांब्याला ओरखडे पडून ब्रश लवकर झिजतात. कार्बन ब्रशच्या स्प्रिंगा इतक्या बारीक असतात की उडाल्या तर सापडत नाहीत, म्हणून हे काम पांढऱ्या ताटात करावं.

एवढ्यानेच अर्धं इंजिन सुधारतं. उरलेलं अर्धं 0.2 मिमीच्या फॉस्फर ब्राँझ तारेने. तार नाही मिळाली तर जुन्या रिलेतली पट्टी कापून चालते, नव्या पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोडके रिले कोणी फेकून देत नाही. चॅसीच्या पोटाखाली 4 मिमी रुंद तांबं चढवलेल्या पीसीबीची (सर्किट बोर्डाची) पट्टी इपॉक्सीने चिकटवा, मधोमध तांबं कानशीने कापून दोन भाग करा. त्यावर तारा सोल्डर करा, त्यांची मोकळी टोकं चाकाच्या पाठीवर टेकवा आणि पट्टीचा प्रत्येक भाग आपापल्या बाजूच्या फाकेला बारीक वायरने जोडा. दाब इतकाच हवा की चाक फिरवल्यावर तार डोळ्याला जेमतेम हलताना दिसावी. जास्त दाबली तर ती ब्रेकचं काम करते. चाकांच्या पाठींमधलं अंतर 7.4 मिमीच्या आसपास आहे ना, हेही त्याच बैठकीत कॅलिपरने बघून घ्या, सांध्यावर उडणारी इंजिनं बहुधा इथेच बिघडलेली असतात.

फरक मीटरवर दिसला. मूळ इंजिन साडेचार-पाच व्होल्टला झटक्याने सुटायचं, आता अडीचला सरपटत सुटतं. रिकामं चालताना ते 0.15 अँपिअरच्या आसपास घेतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण तो दुपटीवर गेला की कुठेतरी काहीतरी आवळतंय हे आवाज येण्याआधी कळतं.

बॉयलरवर सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं. मापाला इंजेक्शनची सिरिंज आणि मार्कर पेनची नळी सुरेख बसते, पण दोन्ही पॉलिप्रॉपिलीनची. त्यावर गोंद टिकत नाही आणि रंग सोलून निघतो. खरा उपाय एसी दुरुस्त करणाऱ्याकडे आहे. अर्धा इंची तांब्याच्या पाईपचा तुकडा, बाहेरून 12.7 मिमी, म्हणजे 1:87 मध्ये साडेतीन फुटी बॉयलर. 45 मिमी लांबीचा तुकडा नुसता 12 ग्रॅम भरतो, त्यामुळे वजनाचीही सोय होते. चिमणी आणि डोम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर पितळी गजातून काढून घ्यावेत, कागदावर मापं लिहून न्या आणि डोमचा तळ पाईपच्या गोलाईला कानशीने बसवा. बॉयलरचे पट्टे म्हणून 1 मिमी रुंद कापलेली ॲल्युमिनियम टेप.

इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. तांब्याचा पाईप दोन्ही फाकांना एकदम टेकला की सरळ शॉर्ट. पाईपच्या आत आणि खालून कॅप्टॉन टेपचे (वीज रोखणारी पातळ टेप) दोन थर द्या आणि बॉडी बसवण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर लावून पाईप व प्रत्येक फाक यांच्यात 'बीप' येत नाही ना ते पाहा. एक थर पुरत नाही, स्क्रू आवळताना फाकेची धार तो कापते.

केबिन आणि बाजूच्या टाक्या 0.5 मिमी स्टायरिन प्लास्टिकच्या शीटच्या. थ्री-डी प्रिंटचा मोह होतो, पण पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) आपल्याकडे चालत नाही, हे एप्रिलने दाखवून दिलं. पीएलए साधारण 60 अंशांला मऊ पडतं. पत्र्याच्या छताखालची खोली, खिडकीतून येणारं थेट ऊन आणि वर काळा रंग, एवढं जमलं की तापमान सहज तिथवर जातं. प्रिंट केलेलं छप्पर मधून असं बसलं की दिवा लावून तिरकं पाहिल्यावर ताटलीसारखा खळगा दिसत होता. स्टायरिनचं छप्पर मेअखेरपर्यंत सरळ राहिलं.

वजन टायरच्या दुकानातल्या बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्यांनी वाढवलं. मूळ इंजिन 41 ग्रॅम, नवं 68. वजनाचा मध्य मधल्या चाकाच्या बरोबर वर यावा. पट्ट्या किंवा छर्रे शिशाचे असतील तर फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने कधीही चिकटवू नका. शिसं आणि त्या गोंदातलं आम्ल यांची प्रक्रिया होऊन पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि काही वर्षांत टाक्या आतून फोडते. इपॉक्सीच वापरा, हात साबणाने धुवा. वजन किती चालेल याची कसोटी सोपी आहे : इंजिन बोटाने अडवून क्षणभर पूर्ण 12 व्होल्ट द्या. चाकं जागेवर घसरून फिरली पाहिजेत. मोटरच थांबली तर वजन जास्त झालं, काढा, नाहीतर मोटर जळेल. या वजनावर सपाटीला पाच आणि चाळिसास एक चढावर तीन बोगी वाघिणी ते ओढतं.

रंगाबद्दल थोडक्यात. निव्वळ काळा लावला की खेळणं दिसतं, काळ्यात थोडा तपकिरी आणि राखाडी घाला. स्प्रे 20 ते 25 सेंमीवरून, आणि उन्हाळ्यात फक्त पहाटे. दुपारी रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो. पावसाळी दमट हवेत उलट, लॅकरवर पांढुरकी छटा येते. बॉयलरवर मात्र एक पांढरी गोष्ट मुद्दाम हवी. क्षाराच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाच्या सेफ्टी व्हॉल्व्हपासून आणि फीडपाण्याच्या चेक व्हॉल्व्हखाली चुन्याचे ओघळ उतरत. पातळ पांढऱ्यात किंचित तपकिरी, 000 नंबरचा ब्रश, वरून खाली एकच रेघ आणि खालचं टोक ओल्या बोटाने पुसून टाकायचं. टेंडर किंवा बंकरमधला कोळसा लोहाराकडचा दगडी आणा, फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा. इस्त्रीवाल्याचा लोणारी कोळसा चमकत नाही, तो लाकूडच दिसतो.

आठ महिन्यांत काय टिकलं नाही? आधी तेल. शिलाई मशीनचं पातळ तेल धुऱ्यांना टाचणीच्या टोकाइतकं पुरतं, पण मे महिन्यात जास्तीचं तेल पातळ होऊन मोटरच्या शाफ्टवरून कम्युटेटरपर्यंत पोचलं, काजळीची चिखलासारखी लापशी झाली आणि वेग पडला. मोटरजवळच्या बेअरिंगला आता दोन महिन्यांतून एकच स्पर्श. गिअरला प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं.

दुसरी अडचण खास सोलापूरची. पूर्व भागात मागाच्या जवळ घर असेल तर हवेत सुताचे तंतू असतातच. ते रुळावर बसतात, चाकांबरोबर वर येतात आणि धुऱ्यावर पेळूसारखे गुंडाळले जातात. महिन्याभरात पहिल्या धुऱ्यावर इतकी लव जमली की गिअरने ती आत ओढून घेतली. मीटरवरचा आकडा 0.15 वरून 0.3 वर गेला म्हणूनच ते लक्षात आलं. आता दर पंधरा दिवसांनी इंजिन उलटं करून बारीक चिमट्याने तंतू ओढून काढायचे, आणि खेळून झालं की रुळांवर चादर टाकायची. रूळ पुसायला टॉवेल घेऊ नका, त्याचीच लव सुटते. जुन्या धोतराचं मऊ कापड आणि अल्कोहोल उत्तम. पॉलिश पेपर तर मुळीच नको, त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा बसतो.

रुळांचंही सांगायला हवं. मांडणी थंडीत केली असेल तर सांध्यात फट ठेवा. निकेल-सिल्व्हरचा एक मीटर रूळ 15 अंशांवरून 42 अंशांवर जाताना सुमारे 0.4 मिमी वाढतो. दोन मीटरच्या सरळ भागातले सगळे सांधे सोल्डर केले होते, तो रूळ मे महिन्यात एका बाजूला पोट काढून बसला आणि तिथेच इंजिन घसरायला लागलं. आता दर मीटरला एक सांधा मोकळा, अर्ध्या मिलिमीटरची फट, आणि त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीज पोचवणाऱ्या वेगळ्या फीडर वायरी.

फक्त साफसफाई आणि तारांचं काम केलेलं पहिलं इंजिन अजून उत्तम चालतं आणि त्यावर थोड्या कामाखेरीज फारसा खर्च नाही. नवशिक्याने तिथेच सुरुवात करावी. दुसऱ्याला सुमारे चाळीस तास लागले. डीसीसी डिकोडरच्या (डिजिटल नियंत्रणाच्या चिपच्या) मागे या चॅसीत लागू नका : मोटरचे दोन्ही ब्रश फाकांपासून वेगळे करावे लागतात आणि जागा उरत नाही. साध्या डीसीवर, उलटसुलट करणारा डीपीडीटी स्विच आणि चांगला कंट्रोलर असला की पुरे.

शेवटचं काम पुढच्या कपलिंगचं, म्हणजे वाघीण जोडणाऱ्या हुकाचं होतं. 228 मिमी त्रिज्येच्या वळणावर लांब बॉडीचं पुढचं टोक रुळाबाहेर झुलतं आणि बफर बीमला (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीला) घट्ट बसवलेला हुक पहिल्या वाघिणीला बाजूला ओढून पाडतो. हुक एका 1 मिमी खिळ्यावर मोकळा फिरता ठेवला आणि मागून 0.2 मिमीच्या त्याच फॉस्फर ब्राँझ तारेने मध्यावर आणला, तेव्हापासून जूनभर एकही वाघीण पडलेली नाही.