रविवार पेठेतलं किराणा दुकान: पिशवी जड, खर्च हलका

खानापुरात घराशेजारच्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो आणायची सवय होती आमची. उधारीची वही असली की हात सैल सुटतोच! मार्चपासून महिन्याचं सामान बेळगावच्या रविवार पेठेतल्या एका घाऊक दुकानातून आणतेय.

तूरडाळ, साखर, शेंगदाणे पाच-पाच किलो. इंद्रायणी तांदळाचं 25 किलोचं पोतं मात्र जाऊबाईंबरोबर अर्धं-अर्धं. पहिल्याच महिन्यात 640 रुपये कमी गेले. डाळ हातावर घेऊन बघू देतात, वजन चोख, हिशेब मराठीत सांगा की कन्नडात. जायला शक्ती योजनेची बस (कर्नाटकात बायकांना राज्यातल्या राज्यात सरकारी बस फुकट), आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट. नाहीतर निम्मी बचत प्रवासातच गेली असती. (कोल्हापूरच्या गाडीला ते चालत नाही, बहिणीकडं जाताना पैसे मोजावेच लागतात.)

मे महिन्यात रव्यात अळ्या निघाल्या. परत न्यायला गेले तर मालक म्हणाले, "वहिनी, फोडलेली पिशवी घेत नाही." दिला बदलून शेवटी, पण तासभर उभं करून. आणि ब्याडगी मिरची इथं घेऊ नका. रंग छान, पण देठासकट देतात, म्हणजे देठाचेही पैसे आपणच द्यायचे.

उरलेले पैसे डब्यात टिकत नाहीत, म्हणून पोस्टात महिना 500 ची आरडी काढलीय, पाच वर्षांची. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.