सर्टिफिकेटवर ६०६१-टी६, फ्रेम मात्र कच्ची : चीनहून फ्रेम मागवणाऱ्यांनी वाचाच

पुण्यात आमचा छोटा माउंटन बाईकचा ब्रँड आहे, डिझाईन आमचं, फ्रेम चीनमधून बनवून घेतो, असेंब्ली इथेच. सप्लायरची सॅम्पल फ्रेम आली ती खरंच एक नंबर होती, लॅबमधे तपासली, पास झाली. मग ऑर्डर दिली, ३० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि ७० टक्के माल निघायच्या आधी, या धंद्यात हे नेहमीचंच. लॉट आला, रंग झकास, सोबत ६०६१-टी६ चं सर्टिफिकेट (६०६१ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, टी६ म्हणजे तो भट्टीत तापवून कडक केलेला). बाईक बांधल्या, विकल्या.

मग एका रायडरचा फोन आला, दादा वेताळ टेकडीवरून उतरताना पुढून करकर येतेय. बाईक आणली, चिखल पुसला तर डाऊनट्यूब (फ्रेमची खालची तिरकी नळी) हेडट्यूबला (हँडलखालची उभी नळी) मिळते तिथे वेल्डच्या कडेने रंगात केसाएवढी चीर, नख फिरवलं की अडकत होतं. उतारावर ते तुटलं असतं तर पोरगा थेट तोंडावर आपटला असता, हे आठवलं की अजून संताप होतो.

लॉटमधली कोरी फ्रेम कापून भोसरीला लॅबमधे दिली. टी६ चा कडकपणा साधारण ९५ ब्रिनेल यायला हवा, वेल्डजवळ कसाबसा साठच्या आसपास. आणि सर्टिफिकेट खोटं नव्हतं, हीच तर खरी मेख! ते कच्च्या नळीचं होतं. ६०६१ ला वेल्ड मारला की त्या पट्ट्यातला टी६ उतरतो, म्हणून अख्खी फ्रेम परत भट्टीत साधारण ५३० डिग्रीला तापवून पाण्यात विझवायची, वाकली असेल तर सरळ करायची, आणि मग १७५ च्या आसपास बरेच तास भाजायची. सॅम्पलला हे सगळं केलेलं, लॉटला काहीच नाही. वरून रंग मारला की डोळ्याला फरक शून्य.

सप्लायर आधी म्हणे रायडरने जंप मारली असेल, मग म्हणे पुढच्या ऑर्डरला डिस्काउंट देतो, रिपोर्ट पाठवल्यावर उत्तरच बंद. आम्ही सगळ्या फ्रेम परत मागवून लोकांचे पैसे दिले, कस्टम ड्युटी भाडं सगळं अंगावर.

तुम्ही मागवत असाल तर पीओमधे (खरेदी ऑर्डरमधे) "वेल्डनंतर टी६" हे शब्द आणि वेल्डजवळचा किमान कडकपणा आकड्यात लिहून घ्या. आयएसओ ४२१० चा (सायकलच्या सुरक्षा चाचण्यांचं मानक) रिपोर्ट तुमच्याच मॉडेलचा मागा, त्यांच्या दुसऱ्या कुठल्या फ्रेमचा चालवून घेऊ नका. फोटो, रंग, नग मोजणं असल्या इन्स्पेक्शनला काही अर्थ नाही, तुमच्या माणसाने लॉटमधून स्वतः उचललेली एक फ्रेम कापून रिपोर्ट येईपर्यंत ७० टक्के सोडू नका, सप्लायर कितीही घाई करू दे. एक फ्रेम वाया जाते, जाऊ दे. लॅबचा रिपोर्ट कुणाला बघायचा असेल तर मेसेज करा, पाठवतो.