८५० रुपयांचा टेंपरेचर गेज आजोबांच्या फार्गोला लावला, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

साडेआठशे रुपयांच्या वस्तूवर एवढं लांबलचक कोण लिहितंय असं वाटणाऱ्यांनी इथंच थांबा, पण ज्यांच्या शेडमध्ये ६ व्होल्टची जुनी गाडी उभी आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे निदान दोन महिने आणि एक उन्हाळा वाचला असता.

गाडी म्हणजे फार्गोची पिकअप, आरसी बुकात १९५१ आहे. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जोडायला लागली त्या काळातला माल. आजोबांनी सेकंडहँड घेतली आणि खानापूरहून कौलं नि विटा आणायला वापरली, मग काकांनी वापरली, मग पंधरा वर्षं बेळगावात शहापूरच्या घरामागं शेडमध्ये कोंबड्यांनी वापरली. इंजिन सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व, पेट्रोल, वरचं हेड (इंजिनचं झाकण) पाटावरवंट्यातल्या पाटासारखं सपाट. चालू केल्यावर आवाज इतका गोड की गल्लीतली पोरं बघायला येतात.

डॅशबोर्डवर इंजिनच्या पाण्याचं टेंपरेचर दाखवणारा मूळ काटा, म्हणजेच गेज, आहे पण तो माझ्या जन्माच्या आधीच मेलेला. हे जुने काटे वायरवर चालत नाहीत हे मला तोवर माहीतच नव्हतं. हेडमध्ये पितळेचा एक बल्ब असतो, त्यात इथरसारखा लगेच वाफ होणारा द्रव, पाणी तापलं की वाफेचा दाब एका केसासारख्या बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत जातो आणि तिथली वाकडी पोकळ पट्टी सरळ व्हायला बघते, ती काटा ढकलते. नळी तुटली की विषय संपला, जोडून चालत नाही. आमची उंदरानं तोडली की मेकॅनिकनं यावर घरात दोन मतं आहेत.

काकांची पद्धत वेगळी. गाडी थांबवायची, बॉनेट उचलायचं, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळहात ठेवायचा, तीन मोजेपर्यंत हात राहिला तर गाडी बरी आहे. मी गेजचा विषय काढला की म्हणायचे, "हात लाव की, हात काय भाड्यानं आणलायस काय?" हे सगळं ठीक, पण एकदा मे महिन्यात टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं, पुढं रिक्षा मागं ट्रॅक्टर, आणि गाडीनं कॅपच्या कडेनं अशी शिट्टी मारली की रिक्षावाला उतरून पळाला. तिथं हात कुठं लावणार.

त्यानंतर एका गॅरेजला नेली (नाव देत नाही, माणूस चांगला आहे), त्यांनी काय केलं तर थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापेपर्यंत ते रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व) काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले आता कधी गरम व्हायची नाही. आपल्याकडं हे औषध सगळ्या गाड्यांना देतात. झालं काय, डिसेंबरच्या सकाळी बेळगावच्या थंडीत गाडी अर्धा तास चालवली तरी इंजिन कोमटच, चोक ओढूनच चालवायची, ऑइलच्या टोपीखाली दुधाच्या सायीसारखा थर जमला, आणि घाटात गरम व्हायची ती झालीच. थर्मोस्टॅट नसला म्हणून गाडीची थंड करायची ताकद वाढत नाही ओ, फक्त तापायला वेळ लागतो. परत बसवला, ७१ डिग्रीला उघडणारा.

मग गेज. आधी इथल्याच एका स्पेअरच्या दुकानातून साडेचारशेचा इलेक्ट्रिक गेज आणला. ती चूक. या गाड्या ६ व्होल्टच्या आणि वर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची प्लस वायर बॉडीला. बाजारात मिळतात ते गेज १२ व्होल्टचे आणि मायनस बॉडीला धरून केलेले. काटा ४० वर बसला तो उठलाच नाही. दुकानदारानं परत घेतला नाही, आता पोरगा त्याच्याशी खेळतो.

म्हणून ऑनलाइन हा मागवला, नळीवाला, मेकॅनिकल. दिल्ली साइडचा माल, अगदी हाच गेज दहा वेगळ्या नावांनी विकतात. दोन इंची गोल डायल, ४० ते १२० डिग्री, सहा फूट नळी, वर बारीक स्प्रिंगचं कव्हर, टोकाला पितळी बल्ब, तीन अडॅप्टर आणि खाली लटकवायची पत्र्याची क्लिप. याला करंट लागतच नाही, त्यामुळं ६ असो की १२, प्लस असो की मायनस, त्याला काही देणंघेणं नाही. फक्त आतला दिवा १२ व्होल्टचा, तो आमच्या गाडीत काजव्यासारखा पेटायचा, जुन्या बजाज स्कूटरचा ६ व्होल्टचा बल्ब घातला.

बसवायच्या आधी एक काम केलं ते सगळ्यांनी करा. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि नळीच्या टोकाचा पितळी बल्ब दोरीनं मधोमध लोंबकळत सोडला, बुडाला लागू द्यायचा नाही. वैनी घरी केकच्या ऑर्डरी घेतात, त्यांचा डिजिटल प्रोब शेजारी सोडला. त्या आल्या आणि बघतात तर गॅसवर गाडीचा पार्ट. "काय करूलालाय भावजी? तो थर्मामीटर परत केकमध्ये जाणाराय!" ८० ला प्रोब असताना काटा ८३, आणि पाणी खदखदायला लागल्यावर काटा १०१. आता १०० पेक्षा एकच जास्त म्हणून मी खूश होणार होतो, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी १०० ला उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. प्रोबही तेच सांगत होता. म्हणजे काटा तीन-साडेतीन डिग्री जास्त दाखवतो. जास्त दाखवतो ते परवडलं, कमी दाखवला असता तर फेकला असता. डायलच्या कडेला पेनानं छोटं "-३" लिहून ठेवलंय.

बसवण्याची गंमत वेगळीच. तीन अडॅप्टरपैकी एकही हेडमध्ये बसेना, गाडीचे आटे जुने अमेरिकन टेपर, अडॅप्टरचे दुसरेच. एक जोर लावून दोन फेरे गेला पण नंतर अडकला, तिथं थांबायची बुद्धी झाली हे नशीब, नाहीतर हेडचे आटे गेले असते. उद्यमबागला लेथवाल्या अण्णांकडं गेलो, हातात मूळ गेजचा नट. त्यांनी मापं घेतली, पितळेचा बार चकमध्ये धरला आणि कन्नडमध्ये विचारलं, "एष्ट बेकरी?" (किती हवेत?) मी म्हटलं, "वंद साकरी." (एक पुरे.) एका नगासाठी मशीन लावणं त्यांना जिवावर आलेलं दिसत होतं तरी करून दिलं, दीडशे रुपये घेतले आणि चहा पण पाजला. म्हणजे गेजचे धरून हजार झाले, हिशोबात धरा.

नळी नेताना घाई करू नका. एक्झॉस्टपासून लांब, तीक्ष्ण वाकवायची नाही, आणि फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) मनगटाएवढे दोन वेढे सैल ठेवायचे म्हणजे इंजिन हललं तरी नळीला ताण येत नाही.

आता खरी परीक्षा. कुटुंबाला घेऊन जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून साखळीपर्यंत गेलो. सपाटीला काटा ७८ वर चिकटलेला, कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ (मलप्रभा उगमाला) थांबलो तेव्हा इंजिन बंद केल्यावर काटा ८६ ला चढला, बायको म्हणाली तापली की. ते नॉर्मल आहे, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, लोखंडातली उष्णता जागच्या पाण्यात येते, पाच-सात मिनिटांत परत उतरतो. परत येताना घाट चढायला लागलो आणि काटा ८५, ९०, ९५, वरच्या वळणांवर ९८. म्हणजे खरे ९५ च्या आसपास. हीटर नसलेल्या गाडीत घाम फुटला. वर येऊन गाडी बाजूला लावली, इंजिन स्लोवर चालू ठेवलं आणि सोबत आणलेली लेझर गन काढली, तेराशेची इन्फ्रारेड थर्मामीटर. पुढं थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरली तर ८०.

काटा म्हणतो ९५, गन म्हणते ८०. मी आणि मेव्हणा दोघांनी मिळून गेजला शिव्या घातल्या, परत पाठवायची भाषा पण झाली, रिटर्नचे चार दिवस बाकी होते.

घरी आल्यावर डोकं थंड झालं तेव्हा गनचीच आधी चौकशी केली. ही गन सगळ्या वस्तू जणू मॅट काळ्या आहेत असं धरून चालते, चकाकत्या ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर मारली की चक्क खोटं आणि कमी सांगते. रबरी होजवर मारली तर होजच्या बाहेरच्या अंगाचं तापमान कळतं, आतल्या पाण्याचं नाही. आणि लाल ठिपका म्हणजे मोजायची जागा नव्हे, एक फुटावरून ती साधारण इंचभर गोलातलं सगळं सरासरी धरते, त्यात पंख्याचं पातं आलं तर तेही. पण आमचं हाउसिंग काळं रंगवलेलं ओतीव लोखंड, तिथं गन बरोबर सांगत होती. मग हेडवर पुढून मागं एकेक बोल्ट सोडून मारत गेलो. पुढं ७९, मधे ८६, मागं फायरवॉलकडं ९३. आणि फार्गोत गेजचा बल्ब बसतो कुठं, तर मागं!

दोघंही खरंच बोलत होते, इंजिनच पुढं थंड आणि मागं गरम होतं.

या इंजिनात पंपाच्या मागं ब्लॉकमध्ये एक लांब पत्र्याची नळी असते, पाणी वाटणारी, तिला चिरा असतात आणि त्यातून थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटजवळ जातं. पत्रा गंजला की पाणी पुढच्या दोन सिलिंडरपाशीच गळतं आणि मागचे उपाशी राहतात. रेडिएटर उतरवला, पंप काढला, नळी ओढली तर हातात अर्धीच आली, उरलेली तुकड्या-तुकड्यानं आकड्यानं काढली, सोबत वाटीभर लाल गाळ. बोरचं पाणी पन्नास वर्षं ओतल्यावर काय होणार. पितळेची भांडी करणाऱ्या एका काकांकडून पत्र्याची नवी वळून घेतली, चिरा जुन्या तुकड्यांवरून मोजून. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. त्याच चोर्ल्यात गेल्या महिन्यात काटा ८८ च्या वर गेला नाही, पुढचं-मागचं अंतर ४-५ डिग्री.

म्हणून गेजला नावं ठेवायच्या आधी हे सगळं लिहिलं, आता नावं ठेवतो. क्रोमची रिंग पहिल्याच पावसाळ्यात गंजली. जुलैमध्ये काचेला आतून वाफ धरली, आठवडाभर काटा अंदाजानं वाचायचा. क्लिपचा पत्रा पापडासारखा, पहिल्याच खड्ड्यात गेज मान टाकून माझ्या गुडघ्याकडं बघायला लागला, मी जाड पट्टी करून घेतली. अडॅप्टर दिलेत ते कशाचे आहेत हे कागदावर कुठंच छापलेलं नाही. आणि ४० ते ६० चे आकडे इतके दाटीवाटीनं की वाचवत नाहीत, पण वाफेवरच्या गेजचं तसंच असतं, वरच्या बाजूला आकडे मोकळे होतात आणि आपल्याला तिथलंच बघायचंय. पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा त्या रिंगचा कापला आणि एक अडॅप्टरचा.

गन घ्यावी का? दुसरी वस्तू म्हणून जरूर घ्या, पहिली म्हणून नको, चालत्या गाडीत बॉनेटखाली कोण धरणार. घेतलीच तर जिथं मोजायचं तिथं काळ्या रंगाचा ठिपका मारून ठेवा आणि दर वेळी तिथंच मारा. आणि काटा कितीही दाखवू दे, गरम गाडीची कॅप उघडू नका, काकांच्या उजव्या दंडावर त्याचा डाग अजून आहे.

मागवताना सहा फुटाचीच नळी बघून घ्या. चार फुटाचा गेज शंभर-सव्वाशेनं स्वस्त दिसतो पण आमच्या गाडीत तो स्टिअरिंगपर्यंत पोचत नाही, आणि सहा फुटाची उरली तर कापायची नाही, गुंडाळून क्लिप मारायची.