स्वतःची रायफल न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी?

टेक्सासमधला मित्र दक्षिण आफ्रिकेत कुडूच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला चाललाय आणि रायफलवरच अडकलाय, म्हणून त्यालाच लिहितोय.

आधी कटकट बघू. स्वतःची नेलीस तर अमेरिका सोडण्याआधी कस्टम्सचा ४४५७ फॉर्म, मग तिकडच्या पोलिसांचा एसएपीएस ५२० काळ्या शाईने भरायचा, पण सही घरी करायची नाही, ती तिथल्या अधिकाऱ्यासमोरच. सेमी-ऑटो, म्हणजे गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी, चालत नाही. एका कॅलिबरची (नळीच्या मापाची) एकच रायफल, तिच्यामागे जास्तीत जास्त २०० काडतुसं, पण विमानात माणशी ५ किलोच, तेही पॅकिंग धरून. शिकारीला ५०-६० पुरे समज. रायफल रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून. मधे विमान बदलणार असशील तर त्या देशाचा परवाना आधीच बघून ठेव. भाड्याच्या रायफलीला यातलं काहीच नाही, पैसे रोजच्या हिशोबाने आणि गोळ्यांचे वेगळे.

नेम मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या रायफलीचा ट्रिगर बोटाला माहीत असतो, परकी खांद्याला नीट बसत नाही आणि जखमी जनावर झुडपात गेलं की त्याचे हाल होतात, ते बघवत नाही रे. भाड्याची असो की स्वतःची, पोचल्यावर आधी कागदावर तीन गोळ्या झाडच, प्रवासात स्कोप (नेमाची दुर्बीण) हलू शकतो.

कुडू, इम्पाला अशा हरणांना घरची .३०-०६ कॅलिबरची रायफल असेल, सवय असेल, तर तीच ने. एकदाच आफ्रिकी रानम्हैस मारायची असेल तर .३७५ एच अँड एच ही जड कॅलिबरची रायफल विकत घेऊ नकोस, तिकडचीच भाड्याने घे, पण सराव जास्त कर. सोबत बायकामुलं आणि दोन-तीन देश फिरायचे असतील तर सरळ भाड्याची.